हेडली व्हेरिटी : दहा धावांत दहा बळी आणि कासेर्तातील अखेर

१२ जुलै १९३२. लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर यॉर्कशायरविरुद्ध दुसऱ्या डावात उपाहारापर्यंत नॉटिंगहॅमशायरने एकही गडी न गमावता ३८ धावा केल्या होत्या. आदल्या दिवशीच्या पावसाने भिजलेली खेळपट्टी उन्हाने सुकू लागली आणि उपाहारानंतर अवघा संघ ६७ धावांत कोसळला. दहाही बळी एकाच डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचे होते. १९.४ षटके, १६ निर्धाव, १० धावा, १० बळी! त्यात एक हॅट्ट्रिकही होती. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील डावातील सर्वोत्तम गोलंदाजीचा हा विक्रम आजही अबाधित आहे. हा पराक्रम करणारे गोलंदाज होते हेडली व्हेरिटी.

१८ मे १९०५ रोजी लीड्समध्ये जन्मलेल्या व्हेरिटींच्या वाट्याला हे यश सहजासहजी आले नाही. शाळा सुटल्यावर त्यांनी वडिलांच्या कोळशाच्या व्यवसायात काम केले. यॉर्कशायरच्या संघात डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची जागा विल्फ्रेड ऱ्होड्स यांनी तीन दशके अढळपणे सांभाळली होती. ती रिकामी होईपर्यंत व्हेरिटींना शेजारच्या लँकेशायरमधील लीग क्रिकेटमध्ये व्यावसायिक खेळाडू म्हणून दिवस काढावे लागले. आरंभी ते मध्यमगती गोलंदाजी करीत. फिरकीकडे ते जाणीवपूर्वक वळले. वॉरविकशायरने तर त्यांना चाचणीत नाकारले होते. १९३० साली, ऱ्होड्स यांच्या अखेरच्या हंगामात, पंचविशीत पोहोचलेल्या व्हेरिटींना यॉर्कशायरने संधी दिली. पुढच्याच वर्षी, आपल्या सव्विसाव्या वाढदिवशी, त्यांनी एका डावात ३६ धावांत दहा बळी टिपले. प्रतिस्पर्धी होता तोच वॉरविकशायर संघ.

त्यांचा चेंडू फार मोठा वळत नसे. उंच शरीरयष्टी, फिरकी गोलंदाजाच्या मानाने बराच वेग आणि टप्प्यावरील विलक्षण हुकूमत ही त्यांची शस्त्रे होती. १९३४ मध्ये लॉर्ड्सवर पावसानंतरच्या खेळपट्टीवर त्यांनी ऑस्ट्रेलियाचे १४ फलंदाज एकाच दिवसात बाद केले. सामन्यात १०४ धावांत त्यांचे १५ बळी झाले. विसाव्या शतकात इंग्लंडला लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध मिळालेला हा एकमेव कसोटी विजय. डॉन ब्रॅडमन यांना कसोटीत सर्वाधिक वेळा, म्हणजे आठदा, बाद करण्याचा मानही व्हेरिटींचाच.

भारतीय क्रिकेटच्या बालपणाशीही त्यांचे नाव निगडित आहे. १९३३-३४ मध्ये डग्लस जार्डिन यांच्या संघातून ते भारतात आले. मुंबईच्या जिमखाना मैदानावर भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना झाला, तेव्हा यजमानांचे नेतृत्व सी. के. नायडू करीत होते. त्या मालिकेतील मद्रासच्या कसोटीत व्हेरिटींनी अकरा बळी घेतले. १९३६ साली मँचेस्टरला विजय मर्चंट आणि इंदूरचे मुश्ताक अली यांनी सलामीला २०३ धावांची भागीदारी रचली, ती ज्या गोलंदाजांना तोंड देऊन, त्यांतही व्हेरिटी होते.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. त्याच दिवशी होव्हच्या मैदानावर यॉर्कशायरचा ससेक्सशी सामना सुरू होता. व्हेरिटींनी ९ धावांत ७ बळी घेऊन ससेक्सचा डाव ३३ धावांत गुंडाळला. सामना संपवून संघ घराकडे निघाला. दोनच दिवसांनी ब्रिटन युद्धात उतरले आणि व्हेरिटींचा तो शेवटचा प्रथम श्रेणी सामना ठरला. वय ३४; खात्यात १,९५६ प्रथम श्रेणी बळी आणि ४० कसोटींत १४४.

ते ‘ग्रीन हॉवर्ड्स’ या यॉर्कशायरच्याच पलटणीत दाखल झाले आणि कॅप्टनपदी पोहोचले. १९४२ मध्ये पलटणीसोबत ते पुन्हा भारतात, राँचीला, आले. या खेपेस हाती चेंडू नव्हता, आणि आजाराने त्यांना ग्रासले. तेथून मध्यपूर्वेमार्गे ते सिसिलीच्या आघाडीवर गेले. जुलै १९४३ मध्ये कटानियाच्या मैदानी प्रदेशात रात्रीच्या हल्ल्यात आपल्या कंपनीचे नेतृत्व करताना त्यांच्या छातीला गंभीर जखम झाली. तशाही अवस्थेत त्यांनी सैनिकांना पुढे जात राहण्याचा आदेश दिला. जर्मनांनी त्यांना युद्धकैदी केले. ३१ जुलै रोजी इटलीतील कासेर्ता येथील लष्करी रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली. वय अवघे ३८.

युद्ध संपले तेव्हा यॉर्कशायरचा संघ पुन्हा उभा राहिला, परंतु त्यात व्हेरिटी नव्हते. १९५४ साली ऑस्ट्रेलियाला निघालेल्या इंग्लंड संघाचे जहाज नेपल्सला थांबले. कर्णधार होते लेन हटन, यॉर्कशायरमधील त्यांचे धाकटे सहकारी. ते काही सोबत्यांसह कासेर्ताच्या युद्धस्मशानभूमीत गेले आणि व्हेरिटींच्या थडग्यावर यॉर्कशायर क्लबचा टाय ठेवून परतले.