कै. नाना शंकरशेट : पेढीवरून विधिमंडळात

आपल्या दैवज्ञ ज्ञातीत जन्म घेऊन ज्यांनी साऱ्या मुंबई इलाख्याचे पुढारपण केले, त्या कै. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचे चरित्र प्रत्येक ज्ञातिबांधवाने मुलाबाळांस सांगावे असे आहे.

नानांचे घराणे मूळचे मुरबाडचे. त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. १८२२ साली वडील शंकरशेट निवर्तले आणि ऐन विशीच्या उंबरठ्यावर मोठ्या व्यापाराचा भार नानांवर पडला. त्यांची सचोटी अशी की, परदेशी व्यापारीही आपले द्रव्य त्यांच्या पेढीवर निर्धास्तपणे ठेवीत. पुढे लोककार्यात त्यांच्या शब्दाला जे वजन आले, त्याचे मूळ या पेढीवरील विश्वासात होते.

शिक्षण हा नानांचा जिव्हाळ्याचा विषय. १८४० पासून ते शिक्षण मंडळाचे सभासद होते. १८४७ साली मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांनी इंग्रजी माध्यमाचा आग्रह धरला, तेव्हा नानांनी त्यांस स्पष्ट विरोध केला. मूठभरांस इंग्रजी येऊन भागणार नाही, ज्ञान सर्वसामान्यांपर्यंत जावयाचे तर ते मातृभाषेतूनच गेले पाहिजे, असे त्यांचे मत होते. उच्च शिक्षणात इंग्रजीच राहिली. परंतु सत्ताधाऱ्यांसमोर देशी भाषांची बाजू निर्भयपणे मांडली गेली, हे नानांचे ऋण होय. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या मुलींच्या शाळेसही त्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. मुलींनी शिकणे हेच ज्या काळी पाप समजले जाई, त्या काळची ही गोष्ट आहे.

मुंबईत लोहमार्ग यावा म्हणून १८४५ पासून त्यांनी खटपट केली, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली. १८५२ साली बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेत पुढाकार घेऊन त्यांनी रयतेची गाऱ्हाणी थेट पार्लमेंटपर्यंत पोहोचविण्याची वाट पाडली. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्यावर सरकारचा संशय आला. पण चौकशीत ते निर्दोष ठरले. त्याच सरकारने १८६२ साली त्यांची मुंबईच्या कायदे कौन्सिलवर नेमणूक केली. पहिल्या हिंदी सभासदांत त्यांची गणना होते.

३१ जुलै १८६५ रोजी नानांनी देह ठेवला. त्यांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती विद्यार्थ्यांत मानाची ठरली. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळविली होती. शिष्यवृत्तीस जातीची अट नाही, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

नानांनी धन मिळविले ते आपल्या घरासाठी, पण वेचले ते सर्वांसाठी. ते आपले होते याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. मात्र ते केवळ आपलेच नव्हते, याचा अभिमान त्याहून अधिक बाळगावा. ज्ञातीतील एखाद्या होतकरू मुलाचे वा मुलीचे शिक्षण द्रव्याभावी अडू न देणे, हेच त्यांचे खरे स्मारक होय.