कै. सावित्रीबाई फुले

सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे दि. ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४८ मधील मुलींच्या शाळेची हकीकत सर्वश्रुत असल्याने तिचा येथे विस्तार करीत नाही.

त्या काळी एखाद्या तरुण विधवेस कोणी फसविले, तर फसविणारा उजळ माथ्याने हिंडे. तिच्यापुढे मात्र विहीर किंवा बालहत्या एवढेच मार्ग उरत. अशाच एका विधवेस अर्भकाच्या हत्येबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ते पाहून १८६३ साली जोतीरावांनी पुण्यात आपल्या राहत्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. गुप्तपणे यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे, अशा जाहिराती भिंतींवर लागल्या. जाहिरात लावणे सोपे. बाळंतिणींचे पथ्यपाणी आणि मागे राहिलेल्या तान्ह्यांची उस्तवार सावित्रीबाईंनी केली. १८८४ पर्यंत 35 विधवा तेथे येऊन गेल्या.

त्यांना स्वतःस अपत्य नव्हते. १८७४ मध्ये अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा पतिपत्नींनी दत्तक घेतला. यशवंत असे त्याचे नाव ठेवले आणि पुढे त्यास डॉक्टर केले. १८९० मध्ये जोतीराव निवर्तले, तेव्हा टिटवे धरण्याच्या यशवंताच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला. त्या शोकातही सावित्रीबाई पुढे झाल्या व टिटवे त्यांनी स्वतःच धरले.

१८९७ च्या प्लेगमध्ये यशवंताच्या दवाखान्यात रोग्यांना पोहोचविता पोहोचविता त्यांनाही तो रोग जडला. दि. १० मार्च रोजी त्यांनी देह ठेवला.