हैदराबादचा क्लोरोफॉर्मवाला डॉक्टर

आमचं माजलगाव बीड जिल्ह्यातलं, आणि बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या माणसांची राजधानी मुंबई नव्हे, हैदराबाद. शेतसारा तिकडे जायचा, फर्मानं तिकडून यायची. सिंदफणेच्या काठी पिकलेल्या ज्वारीच्या पैशाचं पुढे काय होई, हे पाहण्याची खोड मला बँकेतल्या नोकरीनं लावली असावी. महाल आणि जवाहिर यांच्या कथा सर्वांना ठाऊक आहेत. मला अडकवून ठेवलं ते १८८९ सालच्या एका खर्चानं. सहाव्या निजामानं, मीर महबूब अली खान यांनी, एक हजार पौंड देऊ केले होते. कशासाठी? तर लंडनचा एखादा तज्ज्ञ डॉक्टर हैदराबादेत यावा आणि त्यानं वाद घालावा म्हणून.

हा वाद उभा करणारा माणूस म्हणजे एडवर्ड लॉरी. जन्म १८४६ चा. शिक्षण एडिंबरोत, जेम्स साइम या नामांकित शल्यविशारदाच्या हाताखाली. त्याच गावात १८४७ साली सिम्प्सननं क्लोरोफॉर्मचा पहिला प्रयोग केला होता. त्याआधी शस्त्रक्रिया म्हणजे चार माणसांनी रोग्याला दाबून धरायचं. क्लोरोफॉर्म आला आणि ते दिवस संपले. पण जेमतेम दोन-अडीच महिन्यांत, जानेवारी १८४८ मध्ये, इंग्लंडात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना टेबलावरच गेली. असे मृत्यू मग अधूनमधून होतच राहिले. का होतात, यावर डॉक्टरांत दोन तट पडले. एक म्हणे, हृदय एकाएकी बंद पडतं. दुसरा म्हणे, मेंदूच्या बुडाशी श्वासाचं केंद्र आहे ते आधी सुस्तावतं, हृदय नंतर थांबतं. साइमची शिकवण दुसऱ्या तटाची होती. नाडी धरून बसू नका, श्वासावर लक्ष ठेवा.

लॉरीनं गुरूचं हे सूत्र जन्मभर सोडलं नाही. लष्करी वैद्यकीय सेवेतून तो हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन म्हणून आला, अफजलगंजच्या रुग्णालयात आणि १८४६ पासून चालत आलेल्या मेडिकल स्कूलमध्ये त्याचा शब्द चाले. श्वास सांभाळून त्यानं हजारो रोग्यांना क्लोरोफॉर्म दिला. मग १८८८ साली शंभराहून अधिक कुत्र्यांवर प्रयोग करून त्यानं जाहीर केलं की आधी श्वासच थांबतो. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकानं नाक मुरडलं. दूरच्या एका संस्थानातला निष्कर्ष, तो विलायतेनं सहज का मानावा?

इथं लॉरीचा स्वभाव दिसतो. दुसरा कोणी रुसून बसला असता. यानं 'लॅन्सेट'लाच निमंत्रण धाडलं. तुमचा माणूस पाठवा, खर्च निजाम सरकारचा. आले ते लॉडर ब्रंटन, हृदयशूळावर अमिल नायट्राइट हे औषध शोधणारे, हृदयाच्या तटातले बडे प्रस्थ. पाहुणा विरोधी पक्षाचाच निघाला, आणि यजमानाला त्याचं काही वाटलं नाही. मला तरी लॉरीच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

१८८९ च्या अखेरीस हैदराबादेत काम सुरू झालं. चारशेहून अधिक प्राणी खर्ची पडले. आजच्या वाचकाच्या अंगावर काटा येईल, आणि यावा. प्रयोगांच्या शेवटी ब्रंटननं आपलं मत बदललं. लंडनला तारेनं कळवलं की लॉरीचं खरं आहे, श्वास आधी जातो. वैद्यकीय जग हादरलं. लॉरी जिंकला.

पण जिंकला तो पुरता बरोबर नव्हता. १८९३ मध्ये केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर यांनी त्याच्या निष्कर्षांवर आक्षेप घेतले. १९११ मध्ये लेव्ही या संशोधकानं मांजरांवर दाखवलं की गुंगी अगदी हलकी असताना क्लोरोफॉर्ममुळे हृदय फडफडू लागतं आणि बंद पडतं. हैदराबादच्या टेबलावर मुख्यतः भारी मात्रेचे प्रयोग झाले. भारी मात्रेत श्वास आधी जातो हे खरंच आहे. नखासाठी घाबरत टेबलावर चढलेली पोर मात्र वेगळ्या कारणानं गेली असणार. बँकेत तपासनीस येतो तेव्हा समोर काढून ठेवलेल्या वह्या तो डोळ्यांत तेल घालून तपासतो; न उघडलेल्या कपाटाचं काय? ब्रंटन राजाच्या खर्चानं आले म्हणून तसे बोलले, असा आरोप मी करणार नाही. त्यांनी पाहिलं ते खरंच सांगितलं. पण क्लोरोफॉर्म निर्धोक ठरल्याच्या विश्वासानं पुढे किती रोगी टेबलावर गेले असतील, हा प्रश्न मनातून जात नाही.

लॉरीला तो प्रश्न पडल्याचं दिसत नाही. विलायतेत जाऊनही तो आपलं म्हणणं मांडत राहिला. लेव्हीचा शोध लागला तेव्हा तो हयात होता. १९१५ साली वारला.

त्याच्या मेडिकल स्कूलच्या विद्यार्थ्यांत एक पारशी मुलगी होती, रूपाबाई फर्दुनजी. बुरख्यातल्या बायका पुरुष डॉक्टरांसमोर येत नसत, त्या काळात या शाळेनं मुलींना दार उघडलं. रूपाबाई १८८५ मध्ये दाखल झाल्या, १८८९ मध्ये हकीम ही पदवी घेऊन बाहेर पडल्या. दुसऱ्या चौकशीच्या कामातही त्यांचा भाग होता. पुढे हैदराबादच्या रुग्णालयांत रोग्याच्या उशाशी बसून भूल देणं हेच त्यांचं काम झालं. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं. १९०८ साली मुसी नदीच्या महापुरानं अफजलगंजचं रुग्णालय उद्ध्वस्त केलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, इतकी वर्षं भूल दिल्यानंतर, रूपाबाई समुद्र ओलांडून एडिंबरोला गेल्या आणि भौतिक आणि रसायनशास्त्राच्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसल्या. तिथून परत येऊन १९२० पर्यंत त्या हैदराबादेतच नोकरीत होत्या.