शेतकऱ्याला गुरू मानणारे शास्त्रज्ञ : सर अल्बर्ट हॉवर्ड



परिसर अभ्यासात कंपोस्ट खत शिकवताना आपण खड्डा, पालापाचोळा, शेण एवढं सांगून पुढे जातो. त्यामागच्या माणसाची गोष्ट सांगितली, तर मुलांच्या जास्त लक्षात राहतं.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिजला शिकून १९०५ साली ते बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत आले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून गव्हाचे सुधारित वाण तयार केले.

हॉवर्ड आले होते तज्ज्ञ म्हणून. पण आसपासची शेतं पाहून ते थबकले. फवारणी नाही, विकतचं खत नाही, तरी पिकं निरोगी! मग त्यांनी शेतकरी आणि कीड या दोघांनाच गुरू केलं. कीड कुठे पडते ते बघायचं आणि तिथे मातीचं काय बिघडलंय ते शोधायचं.

जंगल पाहा, ते म्हणत. तिथे झाडं, गवत आणि प्राणी एकत्र राहतात. पाला आणि विष्ठा मातीत मिसळते, जमीन आपलं खत आपणच करते. शेतातही झाडं, धान्य आणि जनावरं यांची अशीच सांगड हवी, असं त्यांचं ठाम मत झालं.

१९२४ मध्ये ते होळकरांच्या इंदूरला नव्या संस्थेचे संचालक झाले. तिथे काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते वरखाली करून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली. हीच इंदूर पद्धत! १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचं नाव आहे, हे मुलांना आवर्जून सांगा.

१९३० मध्ये गॅब्रिएल गेल्या आणि पुढच्याच वर्षी हॉवर्ड मायदेशी परतले. रासायनिक खतांचा बोलबाला वाढत होता. अनेक शास्त्रज्ञांनी त्यांच्यावर टीका केली, तरी त्यांनी आपलं म्हणणं सोडलं नाही. २० ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांचं निधन झालं. आज सेंद्रिय शेतीच्या आद्य प्रवर्तकांत त्यांचं नाव घेतलं जातं.

आता आपल्या वर्गाकडे बघा. बांधावरची बाभूळ, शेतातली ज्वारी, पीक निघाल्यावर रानात बसवलेली धनगराची मेंढरं. ही सांगड आपल्या गावांना नवी नाही. मेंढरं कशासाठी बसवतात, हे धनगराच्या किंवा शेतकऱ्याच्या पोराला विचारा. त्याला फळ्याजवळ बोलावून सांगू द्या, आणि बाकीच्यांसोबत आपणही खाली बसून ऐका. पुस्तकात मागे पडणारं ते मूल त्या दिवशी वर्गाचं गुरुजी होईल.