इंग्रजीच्या सुरांचे शिक्षक : हॅरल्ड पामर

वर्गात इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचण्याची पाळी आली म्हणजे काय होते, हे आमच्या बालवाचकांस सांगावयास नको. प्रत्येक अक्षरावर सारखाच भार देत, पाढे म्हटल्याप्रमाणे आम्ही वाक्य संपवितो. शब्द बिनचूक, व्याकरणही बिनचूक. परंतु एखादा इंग्रज गृहस्थ ऐकावयास बसला तर त्यास पुष्कळसे कळू नये. दोष सर्वस्वी विद्यार्थ्यांचा नाही. मराठीत बहुतेक अक्षरांस आपापला वेळ मिळतो. इंग्रजीत मात्र काही थोड्या अक्षरांवर आघात पडतो, आणि बाकीची त्या आघातांच्या मधल्या जागेत दाटीवाटीने बसतात. ‘बॉइज प्ले क्रिकेट’ या वाक्यात तीन आघात आहेत, ‘द बॉइज आर प्लेइंग क्रिकेट’ यातही तीनच. म्हणून अक्षरे वाढली तरी बोलण्याचा वेळ त्या मानाने वाढत नाही. या ठेक्याच्या जोडीस स्वराचा चढउतार असतो. येस हा एवढासा शब्द, पण स्वर खाली आणून उच्चारला तर होकार होतो, वर नेऊन उच्चारला तर प्रश्न होतो. ही विद्या परकीयांस पद्धतशीर शिकविण्याचा मार्ग ज्यांनी आखला, त्यांत हॅरल्ड एडवर्ड पामर यांचे नाव अग्रभागी आहे. आमच्या भाषेत पामर म्हणजे दीन मनुष्य. परंतु येथे नावावर जाऊ नये.

पामर यांचा जन्म ६ मार्च १८७७ रोजी लंडन येथे झाला. बालपण केंट परगण्यातील हाइद या समुद्रकाठच्या गावी गेले. वडील तेथे एक लहानसे वृत्तपत्र चालवीत, व हॅरल्ड यांनीही काही काळ त्याचे काम पाहिले. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. १९०२ साली ते बेल्जममधील व्हेर्व्हिये शहरी गेले व बर्लिट्झ पद्धतीच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. त्या शाळांचा दंडक असा की, वर्गात मुलांच्या मातृभाषेचा एक शब्दही उच्चारावयाचा नाही. पामरांस या पद्धतीतील गुण दिसले, तसा हट्टही दिसला. जो अर्थ मातृभाषेच्या एका शब्दाने क्षणात उलगडतो, त्यासाठी पाव तास हातवारे का करावेत, असे त्यांचे मत होते. पुढे त्यांनी स्वतःची शाळा काढली, आणि फ्रेंच पंडित पॉल पासी यांच्या पुढाकाराने चाललेल्या उच्चारशास्त्र परिषदेशी संबंध जोडला.

१९१४ च्या ऑगस्टात जर्मन फौजा बेल्जममध्ये शिरल्या. शाळा व मांडलेला संसार मागे टाकून पामर पुढील वर्षी पत्नी व मुलीसह इंग्लंडास परतले. वयाच्या अडतिसाव्या वर्षी आरंभापासून आरंभ! परंतु लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील उच्चारशास्त्राचे अध्यापक डॅनियल जोन्स यांनी त्यांची पारख केली, आणि पदवी नसलेला हा शिक्षक विद्यापीठात व्याख्याने देऊ लागला. १९१७ साली भाषाशिक्षणाच्या शास्त्रावरील त्यांचा मोठा ग्रंथ निघाला, १९२१ साली आणखी दोन निघाले, आणि १९२२ साली इंग्रजी स्वरांच्या चढउतारावरील पुस्तक आले. त्यात त्यांनी बोलण्यातील एका सुराच्या तुकड्याचे तीन भाग कल्पिले : डोके, गाभा व शेपूट. ज्या अक्षरावर अर्थाचा सर्वांत अधिक भार, तो गाभा. स्वर वळतो तो तेथेच. डोके त्याच्या आधी, शेपूट त्याच्या मागून. गाभा सापडला की सूर सापडला. पुस्तकातील खुणांचे जंजाळ काहीसे किचकट आहे, हे आम्हांस मान्य केले पाहिजे. तथापि ही तीन नावे पुढील पंडितांनी उचलली व ती आजही चालतात.

नियमांहूनही त्यांनी कानास अधिक मान दिला. मूल पुष्कळ दिवस ऐकते आणि मग बोलते. तेव्हा परभाषा शिकणारासही आरंभी नुसते ऐकू द्यावे, बोलण्याची सक्ती करू नये, असे त्यांचे सांगणे होते. शिक्षकाने आज्ञा कराव्या, उठ, दाराशी जा, पुस्तक उघड; विद्यार्थ्याने मुकाट्याने त्या पाळाव्या. अशा पाठांचे एक पुस्तक त्यांनी १९२५ साली आपली कन्या डॉरोथी हिच्यासह प्रसिद्ध केले.

तोपर्यंत ते जपानात होते. सावायानागी मासातारो या थोर शिक्षणतज्ज्ञांच्या निमंत्रणावरून, व मात्सुकाता कोजिरो या कारखानदारांच्या द्रव्यसाहाय्याने, १९२२ साली पामर तेथील शिक्षणखात्याचे भाषाविषयक सल्लागार झाले. काम सोपे नव्हते. जपानी भाषेत व्यंजनामागून बहुधा स्वर यावाच लागतो. त्यामुळे स्ट्राइक हा एका आघाताचा इंग्रजी शब्द तेथील मुलांच्या तोंडी सु-तो-रा-इ-कु असा पाच तुकड्यांचा होई. त्याहून मोठी अडचण परीक्षेची. वरच्या शाळांच्या प्रवेशपरीक्षांत भाषांतर व व्याकरण विचारीत. सूर कोण विचारतो? शिवाय ज्या शिक्षकांनी तोंडी शिकवावयाचे, त्यांतील पुष्कळांस स्वतः इंग्रजी बोलण्याचा सराव नव्हता. १९२३ साली पामरांच्या नेतृत्वाखाली टोकियोत इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनाची संस्था निघाली, आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरच्या महाभूकंपाने ते शहर उद्ध्वस्त झाले. तरीही संस्थेचे कार्य चालू राहिले. फुकुशिमा येथील माध्यमिक शाळेसारख्या काही ठिकाणी ही पद्धत चांगली रुजली. देशभर मात्र ती पसरली नाही. पामर हे ओळखून होते. हळूहळू त्यांनी आपला बराचसा वेळ शब्दांच्या निवडीकडे व वाचनाच्या पुस्तकांकडे वळविला. यास कोणी माघार म्हणेल. आम्ही तसे म्हणत नाही.

या शब्दनिवडीच्या कामी त्यांची गाठ आपल्या देशात काम करणाऱ्या एका गृहस्थांशी पडली. मायकेल वेस्ट हे ढाक्का येथे अध्यापकांच्या विद्यालयाचे प्रमुख होते. बंगालातील पुष्कळ मुले अर्ध्या वाटेवरच शाळा सोडतात, मग बोलणे अर्धवट शिकून त्यांच्या पदरी काय पडणार? त्यांस आधी वाचता यावे, असा वेस्ट यांचा आग्रह होता. पामर कानाचे पक्षपाती, वेस्ट डोळ्यांचे. १९३४ साली कार्नेगी संस्थेच्या विद्यमाने न्यूयॉर्क येथे भरलेल्या परिषदेत दोघे एकत्र बसले, आणि शिकाऊ मुलांसाठी इंग्रजी शब्दांची एक यादी करण्याच्या कामास इतरांसह लागले. वाद आपल्या जागी, काम आपल्या जागी. बंगालच्या त्या मुलांची स्थिती पाहता वेस्ट यांचे म्हणणे आम्हांस खोडून काढता येत नाही.

टोकियोच्या इंपीरियल विद्यापीठाने पामरांस डॉक्टर ही पदवी अर्पण केली. १९३६ साली ते मायदेशी परतले. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा पुत्र ट्रिस्ट्रम हवाई दलात असता कामी आला, आणि त्या दुःखातून ते पुरते सावरले नाहीत. १९४४ साली व्याख्यानांसाठी दक्षिण अमेरिकेस गेले असता प्रकृती ढासळली. १६ नोव्हेंबर १९४९ रोजी इंग्लंडातील आपल्या घरी त्यांचा अंत झाला.

टोकियोतील त्यांचे सहकारी हॉर्नबी यांचा विद्यार्थ्यांसाठी केलेला इंग्रजी कोश १९४२ साली, इंग्लंड व जपान परस्परांशी लढत असता, टोकियोतच छापला गेला. आमच्या शाळांतून वापरला जाणारा ऑक्सफर्डचा कोश त्याचीच वाढलेली आवृत्ती. शत्रूची भाषा म्हणून त्याच वर्षी पामरांच्या संस्थेच्या नावातून इंग्रजी हा शब्द काढून टाकण्यात आला. संस्था मात्र उरली, आणि उत्तम शिक्षकांस पामरांच्या नावे पारितोषिक देण्याचा प्रघात पुढे तिच्यात पडला.