जॉर्ज वॉशिंग्टन : पहिले राष्ट्राध्यक्ष

पद मिळावे म्हणून धावणारी माणसे आपण पुष्कळ पाहतो. अमेरिकेचे पहिले अध्यक्षपद जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याकडे चालून आले, तेव्हा ते व्हर्जिनियातील माउंट व्हर्नन येथे आपली शेती पाहत होते, आणि घर सोडण्यास त्यांचे मन राजी नव्हते.

आठ वर्षे सांभाळलेले सेनापतिपद त्यांनी २३ डिसेंबर १७८३ रोजी काँग्रेसला परत केले होते. विजयी सेनापतीने आपण होऊन घरी जावे, हे त्या काळी नवलच! माझ्या मते त्यांची खरी निवड त्याच दिवशी झाली. पुढे नव्या राज्यघटनेनुसार राज्यांनी नेमलेल्या निर्वाचकांनी प्रत्येकी दोन नावे द्यावयाची होती. १७८९ च्या फेब्रुवारीत मत देणाऱ्या सर्व ६९ निर्वाचकांच्या दोन नावांपैकी एक वॉशिंग्टन यांचे होते. जमीनजुमला मोठा, पण हाती रोकड नाही. न्यूयॉर्कला जाण्यापूर्वी त्यांना कर्ज काढावे लागले.

३० एप्रिल रोजी फेडरल हॉलच्या सज्जात, एका फ्रीमेसन मंडळाकडून मागून आणलेल्या पवित्र शास्त्रावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली. सिनेटमध्ये काहींनी राजाला शोभेल अशी लांबलचक उपाधी सुचविली होती. ती मागे पडून साधे ‘मिस्टर प्रेसिडेंट’ रूढ झाले. जेफर्सन आणि हॅमिल्टन यांचे एकमेकांशी पटत नसे, तरी दोघांनाही त्यांनी मंत्रिमंडळात घेतले व दोघांचेही ऐकले. १७९२ साली ते पुन्हा एकमताने निवडून आले. तिसऱ्या वेळी मात्र, १७९६ साली, त्यांनी निरोप घेतला.

वाचकहो, एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे. त्याच वर्षी त्यांच्या फिलाडेल्फियातील घरून ओना जज ही गुलाम तरुणी पळून गेली, आणि तिला परत आणण्याचे प्रयत्न त्यांनी केले. ती आली नाही. १७९९ च्या मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या १२३ गुलामांना पत्नीच्या पश्चात मुक्त करावे, असे त्यांनी लिहिले. त्याच वर्षी १४ डिसेंबरला ते वारले, आणि मार्थाबाईंनी १ जानेवारी १८०१ रोजी त्या सर्वांना मुक्त केले. मार्थाबाईंच्या पहिल्या पतीच्या, म्हणजे कस्टिस यांच्या, मिळकतीतील दीडशेंवर गुलाम मात्र बंधनातच राहिले. ओना त्याच मिळकतीतील होती. १८४८ साली न्यू हॅम्पशायरमध्ये ती मरण पावली, तेव्हाही कायद्याने ती पळालेली गुलामच होती.