परांड्याचा किल्ला आणि मलिक अंबर

आमच्या नेकनूरच्या नैर्ऋत्येस परांडा येथें एक भुईकोट किल्ला आहे. निजामशाही व आदिलशाही या दोन राज्यांच्या सरहद्दीवरचें हें लष्करी ठाणें. इ. स. १६०० मध्यें या ठाण्यास राजधानीचा मान मिळाला. तो ज्याच्या कर्तबगारीनें मिळाला, त्या मलिक अंबराच्या निधनास २०२६ सालीं ४०० वर्षें पूर्ण होतात. या निमित्तानें त्याचें चरित्र वाचकांपुढें थोडक्यांत ठेवणें आम्हांस उचित वाटतें.

अंबराचा जन्म सुमारें १५४८ मध्यें हबसाणांत, म्हणजे आजच्या इथिओपियांत झाला. बालपणींच तो गुलाम म्हणून विकला गेला. अरबस्थान, बगदाद असे मुलूख पाहत तो दक्षिणेंत आला. येथें निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानें त्यास विकत घेतलें. चंगीझखान स्वतःही एके काळीं गुलाम होता. त्याच्या पदरीं राहून अंबर राज्यकारभार शिकला. धन्याच्या मृत्यूनंतर त्यास स्वातंत्र्य मिळालें. पण जवळ ना जहागीर होती, ना आप्तांचा आधार. कांहीं काळ विजापुरास चाकरी करून १५९५ च्या सुमारास तो निजामशाहींत परतला.

१६०० च्या ऑगस्टांत अकबराच्या फौजेनें अहमदनगरचा किल्ला घेऊन बालराजास कैद केलें. राज्य बुडालें असेंच दिसत होतें. तथापि अंबरानें राजघराण्यांतील मुर्तजा यास परांड्यास गादीवर बसविलें व राज्याचा दिवा विझूं दिला नाहीं.

पुढें मरेपर्यंत तो मोंगलांशीं झुंजला. समोरासमोरची लढाई टाळून शत्रूची रसद तोडणें, ही त्याची रीत. १६२४ मध्यें भातवडी येथें त्यानें मोंगल व विजापूरकर यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. या लढाईंत शहाजीराजे भोसले यांनीं पराक्रम गाजविला व त्यांचे बंधु शरीफजी धारातीर्थीं पडले.

अंबर केवळ योद्धा नव्हता. १६१० मध्यें त्यानें खडकी शहर वसविलें. तेंच आजचें छत्रपति संभाजीनगर. त्या शहरास त्यानें नहरीनें पाणी आणिलें. जमिनीची पाहणी करून तिच्या प्रतीप्रमाणें सारा ठरविला. मात्र त्याच वर्षीं मुर्तजाचा जो घात झाला, त्यांत अंबराचा हात होता असें इतिहासकार मानतात. थोर पुरुषांचे दोषही सांगितलेच पाहिजेत.

१६२६ च्या मे महिन्यांत तो वारला. खुलताबाद येथें त्याची कबर आहे. १६३२ मध्यें परांड्याची मुलूखमैदान तोफ विजापुरास गेली, १६३३ मध्यें दौलताबाद पडलें आणि १६३६ मध्यें निजामशाही संपली. तट तेच होते, खंदकही तेच होते. राखणारा पुरुष मात्र राहिला नव्हता.

परांडा पाहावयास जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं बुरूज अवश्य पाहावेत. परंतु बाजारांत विकला गेलेला एक परका मुलगा या भूमीचा रक्षक झाला, ही गोष्ट त्यांनीं विसरूं नये. जन्म आपल्या हातीं नसतो, कर्तृत्व असतें.